पहिले जुने इंजिन कोणते बांधावे: बिडाच्या ब्लॉकची बुलेट की येझदी?

जुन्या मोटरसायकलचे इंजिन पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने खोलून पुन्हा बांधायचे ठरवले, की आपल्याकडे निवड बहुधा दोन गाड्यांवर येऊन थांबते. एक बिडाच्या ब्लॉकची (ब्लॉक म्हणजे सिलिंडर) रॉयल एनफिल्ड बुलेट 350 आणि दुसरी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेली जावा किंवा येझदी 250. राजदूत 175 क्वचित कुणाच्या गोठ्यात सापडते. यामाहा आरएक्स 100 चे 98 सीसीचे इंजिन या सगळ्यांत लहान आणि हाताळायला सर्वात सोपे आहे, परंतु हौशी खरेदीदारांनी त्या गाडीचे भाव इतके चढवून ठेवले आहेत की केवळ शिकण्यासाठी ती विकत घ्यावी असे सुचवणे मला जड जाते. घरात आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी.

बुलेट आणि येझदी यांत निवडताना ओळखीचे लोक आणि मेकॅनिक एकच सल्ला देतात: टू-स्ट्रोक, म्हणजे येझदी घ्या, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारे कॅम नाहीत, टॅपेट नाहीत. सल्ला खोटा नाही, मात्र त्यात हिशेब फक्त भागांच्या संख्येचा केलेला असतो. नवख्या माणसाने त्याआधी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: बांधताना झालेली चूक इंजिनाचे नुकसान होण्यापूर्वी लक्षात येते का, आणि लक्षात आली तर ती निस्तरण्यासाठी इंजिन कुठपर्यंत खोलावे लागते? या कसोटीवर मी बुलेटच्या बाजूने झुकतो, जरी तिच्यातही एक जागा अशी आहे जिथे दुर्लक्ष झाले तर सगळे श्रम वाया जातात.

बुलेटचे इंजिन 346 सीसीचे, 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), म्हणजे लांब स्ट्रोकचे आणि संथ फिरणारे आहे. 1955 साली मद्रासमध्ये सुरू झालेली ही मांडणी किरकोळ बदलांसह 2010 च्या आसपासपर्यंत टिकली. जावाचे इंजिन सुमारे 249 सीसीचे, 65 बाय 75 मिमीचे, एका पिस्टनला दोन सायलेन्सर असलेले. म्हैसूरला 1961 पासून ते तयार होऊ लागले, पुढे गाडीचे नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. उत्पादन किती काळ चालले हा फरक सुट्या भागांच्या बाबतीत पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

खोलण्याच्या कामात दोन्ही इंजिनांचा वरचा भाग, म्हणजे हेड, ब्लॉक आणि पिस्टन, गाडीच्या चासीत असतानाच निघतो. फरक पडतो तो चेंबर, म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँक (मुख्य दांडा) ज्यात असतो तो खालचा डबा, उघडताना. जुन्या बुलेटचा चार गिअरचा गिअरबॉक्स हा स्वतंत्र डबा असून तो इंजिनाच्या मागे बोल्टने जोडलेला असतो. त्यामुळे गिअर व्यवस्थित पडत असतील तर त्याच्या पोटाला हात न लावता क्रँकचे पूर्ण काम करता येते. येझदीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच चेंबरमध्ये आहेत. दोन अर्धुके वेगळी केली की क्रँकबरोबरच गिअरचे शाफ्ट, फोर्क आणि शिमही (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) मोकळे होतात, आणि कोणता शिम कोणत्या टोकाला होता याची नोंद नसेल तर जो गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी उत्तम चालत होता तोच जोडल्यावर अडखळू लागतो. शिवाय येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर चालतात. ती यंत्रणा पाहायला गमतीची आहे, पण पहिल्यांदा जोडताना वेळ खाते.

हत्यारांच्या बाबतीत मात्र येझदी सरळ आहे. चेकोस्लोव्हाकियातील मूळ रचनेमुळे तिचे नटबोल्ट मेट्रिक आहेत आणि कोणत्याही दुकानातला पान्यांचा संच चालतो. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश आटे आणि मेट्रिक आटे यांची सरमिसळ आढळते, आणि आधीच्या कुणी जवळपासच्या मापाचा पाना रेटून नटांचे कोपरे गोल केलेले असण्याची शक्यता मोठी असते. बुलेटच्या टायमिंगच्या बाजूला क्रँकच्या टोकावर बसणारा, ऑइल पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे हे माहीत नसलेला माणूस तो घट्ट करत राहतो आणि शेवटी क्रँकचे आटे बिघडवतो. क्लच आणि मॅग्नेट किंवा डायनॅमो काढण्यासाठी दोन्हीकडे योग्य पुलर लागतो. हातोडी आणि छिन्नी हा त्याला पर्याय नाही.

लेथवर जाणारे काम दोन्हीत सारखेच असल्याने त्यावरून निवड ठरवू नये. ब्लॉक बोअर करण्यापूर्वी ओव्हरसाइझ पिस्टन हातात असला पाहिजे आणि तो ब्लॉकसोबतच कारागिराला दिला पाहिजे, म्हणजे पिस्टन मोजून त्यानुसार बोअर होतो. आधी बोअर करून मग त्यात बसेल असा पिस्टन शोधणे हे उलटे काम आहे. क्रँकचे बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो ते टोक) बदलणे आणि दोन फ्लायव्हील एका रेषेत आणणे हे घरच्या टेबलावरचे काम नव्हे. त्यासाठी प्रेस, डायल गेज आणि त्यावरचे शतांश मिलिमीटर वाचायची सवय असलेला माणूस लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यामुंबईतल्या जुन्या वर्कशॉपमध्ये असे लोक अजून भेटतात. येझदीचा ब्लॉक बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांच्या) कडा किंचित मोडल्या आहेत का हे स्वतः बोट फिरवून पाहावे, कारण धारदार राहिलेल्या कडेत रिंग अडकून तुटते. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, आणि रिंगची तोंडे त्या पिनवर नेमकी बसवूनच ब्लॉक खाली सरकवावा लागतो.

आता चुकीच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी निवड तिथेच होते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी चेंबरमध्ये खेचले जाते आणि तिथून पोर्टमधून वर ढकलले जाते. म्हणजे चेंबर हा स्वतःच एक पंप आहे आणि तो हवाबंद असणे ही इंजिन नीट चालण्याची पूर्वअट आहे. क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील, ब्लॉकखालचे पॅकिंग, चेंबरच्या अर्धुकांमधला जोड आणि कार्बोरेटरचा जोड यांपैकी कुठेही हवा शिरली तर मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), त्याबरोबर पेट्रोलमधून येणारे वंगणही कमी पडते, पिस्टन तापतो आणि ब्लॉकमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो. वाईट भाग असा की अशा इंजिनाची पहिली किक उत्तम लागते. पहिले काही किलोमीटर गाडी नेहमीपेक्षा चपळ वाटते, कारण पातळ मिश्रणावर इंजिन उत्साहाने फिरते, आणि मालक खूश होऊन थ्रॉटल वाढवतो. प्राथमिक चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) बाजूचे, म्हणजे डावीकडचे सील गेले असेल तर इंजिन तिकडचे तेल ओढून धुराने निदान वर्दी तरी देते. डायनॅमोच्या बाजूचे सील मात्र कोणतीही वर्दी न देता हवा ओढत राहते. थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम खाली न येणे ही त्याची खूण असते, पण ती ओळखायला कान तयार असावा लागतो, आणि नवख्याचा तोच अजून तयार झालेला नसतो.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी एक्झॉस्टची दोन्ही तोंडे आणि कार्बोरेटरचे तोंड रबरी बुचांनी बंद करावे, एका बुचातून सायकलचा पंप आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्रासारखा कमी दाबाचा गेज जोडावा, आत साधारण 6 पीएसआय दाब भरावा आणि पाच-सहा मिनिटे काटा पाहावा. काटा भराभर उतरला तर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. ही चाचणी करण्याची तयारी नसेल त्याने येझदीचे चेंबर उघडूच नये, असे मी स्पष्ट म्हणेन. गळती क्रँकच्या सीलमध्ये निघाली तर ती बाजू पुन्हा खोलण्यावाचून इलाज नसतो, आणि चेंबरचा जोडच चुकला असेल तर गिअरबॉक्ससकट सगळे पुन्हा टेबलावर येते.

बुलेटमध्ये चेंबर हवाबंद असण्याची अशी सक्ती नाही. पॅकिंग नीट बसले नाही तर तेल गळते, आणि तेल गळणे जमिनीवर दिसते. ब्रीदरची (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी) रबरी नळी चोंदली असेल तर आतला दाब वाढून प्रत्येक जोडातून तेल पाझरते, म्हणून गळती दिसताच पॅकिंगला दोष देण्याआधी ती नळी पाहावी. टॅपेट घट्ट राहिले तर कॉम्प्रेशन कमी लागते, सैल राहिले तर आवाज येतो, आणि दोन्ही दुरुस्त्या छोटे झाकण उघडून दोन पान्यांनी होतात. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरेल पण वरखाली हलणार नाही इतके जुळवले की काम झाले. त्यासाठी फीलर गेजसुद्धा लागत नाही. टायमिंगच्या गिअरवर ठिपके असतात आणि ते समोरासमोर बसवायचे असतात. खोलण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र काढणाऱ्याला ते अवघड जाऊ नये.

बुलेटची धोक्याची जागा म्हणजे तेलाचा मार्ग. मूळ बिग एंडमध्ये रोलर नसतात. क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मध्ये एक मोकळा फिरणारा बुश असतो आणि तो दाबाखाली येणाऱ्या तेलाच्या थरावर तरतो. हे तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरते, आणि तिथे असलेले कॉर्कचे छोटे सील झिजलेले, तिरके बसलेले किंवा बसवायचेच राहिलेले असेल तर तेल बिग एंडपर्यंत न जाता वाटेतच सांडते. वरून पाहता इंजिन निर्दोष चालते, आणि ठोक ऐकू येईपर्यंत बुश गेलेला असतो. मग बुलेट आणि येझदी यांत फरक काय राहिला, असे कुणी विचारील. फरक असा की बुलेटमधील ही एकमेव जागा आहे, ती चेंबर न उघडता केवळ टायमिंग कव्हर काढून दुरुस्त होते, आणि इंजिन चालू असताना कव्हरवरचा फीड प्लग किंचित सैल करून तेल येते की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. कॉर्क दर वेळी नवा घालावा. बाजारात रोलरचे कनेक्टिंग रॉडही मिळतात, परंतु ऑइल पंप चांगला असेल तर मूळ बुश ठेवण्यात मला काही गैर दिसत नाही.

सुट्या भागांत बुलेट निर्विवाद पुढे आहे. अनेक दशके जवळपास त्याच रचनेची गाडी निघत राहिल्याने पिस्टन, व्हॉल्व्ह, गाईड, बुश, पंप, पॅकिंगचे संच दिल्लीच्या करोल बागेपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत मिळतात, आणि एक दुकान नाही म्हणाले तर दुसरे असते. येझदीचे भागही मिळतात, कारण तिच्यावर जीव टाकणारे लोक महाराष्ट्र आणि कर्नाटकात भरपूर आहेत. पण ते बहुतांशी नव्याने बनवलेले असतात आणि त्यांच्या दर्जाचा भरवसा दुकानागणिक बदलतो. बेअरिंग आणि सील यांच्या बाबतीत एक पळवाट आहे: जुन्यावरची मापे वाचून ती नामांकित कंपनीची, बेअरिंगच्या दुकानातून घ्यावीत, येझदीचे म्हणून विकले जाणारे पाकीट घेऊ नये.

बांधून झाल्यावरचा काळही तुलनेत धरला पाहिजे. बुलेट पहिले 500 किलोमीटर 40 ते 50 च्या वेगात चालवावी, मध्येच तेल बदलावे, टॅपेट पुन्हा पाहावेत. येझदीचे वंगण पेट्रोलबरोबर येते. त्यामुळे खंबाटकीसारखा घाट थ्रॉटल बंद ठेवून, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरणे म्हणजे नव्या पिस्टनला उपाशी ठेवणे होय. अधूनमधून थ्रॉटल उघडून तेल आत जाऊ द्यावे लागते. हल्ली पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण आणखी थोडे पातळ होते आणि जुन्या रबरी नळ्या लवकर फुगतात. हे दोन्ही गाड्यांना लागू आहे, पण आधीच पातळ मिश्रणाला भिऊन असलेल्या टू-स्ट्रोकला त्याचा धक्का जास्त बसतो, तेव्हा मेन जेट एक पायरी मोठा घालून स्पार्क प्लगचा रंग पाहत राहावे.

येझदीच्या बाजूने बोलायचे तर, वरचेच काम असेल, म्हणजे पिस्टन, रिंग आणि बोअर एवढेच, तर बुलेटपेक्षा ती निश्चित सोपी आहे. व्हॉल्व्ह घासणे नाही, गाईड नाहीत, पुशरॉड नाहीत, आणि सकाळी हेड काढून ब्लॉक लेथवाल्याकडे पोचवता येतो. म्हणून घरात वडिलांची येझदी उभी आहे, क्रँकला उभी ढील नाही, सील कोरडी आहेत, असे असेल तर विकत घेतलेल्या बुलेटपेक्षा तिच्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल, फक्त चेंबरला हात न लावता. क्रँकमध्ये ढील असेल आणि चेंबर उघडणे भागच असेल, तर पहिले इंजिन म्हणून बुलेट शोधावी.

गाडी विकत घेताना दोन्ही बाबतीत एक गोष्ट पान्याला हात लावण्यापूर्वी तपासावी: चेंबरवर ठोकलेला इंजिन क्रमांक आणि आरसीवरचा क्रमांक. फुटलेले चेंबर बदलून दुसऱ्या गाडीचे बसवलेले असेल तर आरटीओमध्ये नोंद करून घेण्यात जो वेळ जातो त्यात इंजिन दोनदा बांधून होते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्यात क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क लागते, ती दहा वर्षे चालते आणि रोजच्या वापराला परवानगी नसते. इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी या सवलतीत बसत नाही. 1972 च्या जावाला हा मार्ग मोकळा आहे, 1990 च्या बुलेटला नाही. तिला पंधरा वर्षांनंतरची नेहमीची फेरनोंदणी आणि हरित कर यांच्याच वाटेने जावे लागते, आणि ती रोज कामावर नेता येते.