एजन्सीच्या फाइली की बँकेचं थेट पॅनल?

आयबीबीआयची, म्हणजे नोंदणीकृत व्हॅल्युअर होण्यासाठीची परीक्षा पास झालेली दोन-तीन सिव्हिलची मुलं गेल्या महिन्यात येऊन गेली. गृहकर्जासाठी बँकेला घराची किंमत काढून द्यायची, हे व्हॅल्युएशनचं काम बँकांच्या फाइली वाटणाऱ्या एजन्सीकडून घ्यावं की बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या व्हॅल्युअरांच्या यादीत, थेट जावं, हा त्यांचा प्रश्न. ठाण्यात मी दोन्ही केलंय. आधी चार वर्षं एका एजन्सीच्या फाइली केल्या, आता दोन बँकांच्या पॅनलवर आहे.

पैशाचं आधी सांगून टाकतो. एजन्सी फाइलमागे कमी देते, पण दहा तारखेच्या आत देते. बँकेकडे माझी बिलं तीन-तीन महिने अडकली आहेत. एजन्सीत काम शोधावं लागत नाही. सकाळी मोबाइलवर घोडबंदर रोड, कळवा, खारघर असे पत्ते आलेले असतात. पॅनलवर यायला मला दीड वर्ष खेटे घालावे लागले. घरात कर्जाचा हप्ता चालू असेल, तर इथवर एजन्सीचंच पारडं जड आहे.

माझं मन फिरलं ते रिव्ह्यूमुळे, म्हणजे एजन्सीत आपला रिपोर्ट दुसरा माणूस तपासतो त्यामुळे.

रिव्ह्यू नसावा, असं मी म्हणणार नाही. नवीन असताना कळव्यातल्या एका जुन्या फ्लॅटच्या करारनाम्यात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून होतं आणि मी त्याला कार्पेटचा, म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा चढा दर लावला. रिव्ह्यूअरने ते पकडलं, म्हणून किंमत फुगायची वाचली. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

पण मग नौपाड्याची ती फाइल आली. चार मजली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, रिसेल. त्याच रस्त्यावरच्या तीन व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले उतारे, मी जोडले होते. क्वेरी आली: दर जास्त वाटतो, एक किलोमीटरच्या आतले व्यवहार पाहून खुलासा करा. सोबत त्यांनी काढलेले दोन दर होते आणि दोन्ही कोपरीचे. नकाशावर वर्तुळ मारलं की कोपरी आत येणारच. मधे रेल्वेचे रूळ आहेत, एक पश्चिमेला आणि दुसरं पूर्वेला, दोन्हींचे मौजे वेगळे, घर शोधणारी माणसंही बरीचशी वेगळी. हे वर्तुळात कुठून दिसणार? खुलाशाच्या चौकटीत मावेल तेवढं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी तीच क्वेरी परत आली, या वेळी दुसऱ्या रिव्ह्यूअरची. पहिला खुलासा त्याने वाचलेला दिसत नव्हता. तिसऱ्या खेपेला तर वेबसाइटवरच्या जाहिरातींचे दर मागितले. जाहिरातीत विकणाऱ्याने मागितलेला भाव असतो. इंडेक्स टूमध्ये नोंदलेला व्यवहार असतो. एवढंच बोलायला मला माणूस हवा होता, पण समोर नाव नाही, नंबर नाही, फक्त एक आयडी.

नऊ दिवस असे गेले. शेवटी एजन्सीच्या समन्वयकाचा फोन आला, थोडा दर उतरवा, फाइल बंद होईल. मी उतरवला. ८० टक्के कर्जाच्या हिशेबात किंमत पाच लाखांनी खाली आली की कर्ज चार लाखांनी घटतं, आणि टोकन देऊन बसलेल्या कुटुंबाला ते चार लाख ऐनवेळी उभे करावे लागतात. घर मी पाहिलं होतं, सहीही माझीच होती, आणि आकडा मात्र ती गल्ली न पाहिलेल्या माणसाचा गेला. ते अजून मनाला लागून आहे.

बँकेकडूनही क्वेऱ्या येतात, कमी नाही येत. पण तिथे टेबलापलीकडे माणूस असतो. नेरुळच्या एका फ्लॅटवर अधिकाऱ्याने शंका काढली, तेव्हा मी कागद घेऊन गेलो आणि अर्ध्या तासात विषय संपला. एकदा त्यांचं बरोबर निघालं, तेव्हा मी माझा दर बदलला, आणि त्याचं काहीच वाटलं नाही, कारण का बदलतोय ते मला पटलं होतं. सिडकोची जमीन मुळात ६० वर्षांच्या लीजवर असते, हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते, हे इथल्या अधिकाऱ्याला समजावावं लागत नाही. एजन्सीत असताना नवी मुंबईच्या फाइलींत मला ते पुन्हा पुन्हा लिहावं लागलं.

पॅनलची एक बाजू मात्र सांगायलाच हवी. माणूस समोर असतो, तशी त्याची भीडही असते. 'पार्टी ओळखीची आहे, जरा बघा' असे फोन येतात. एजन्सीत ते तुमच्यापर्यंत सहसा पोचत नाहीत. तोंडावर नाही म्हणणं जमत नसेल, तर पहिली काही वर्षं एजन्सीच बरी, असं मला वाटतं. मला ते जमतं, म्हणून मी परत जाणार नाही.

एजन्सीत जाणारच असाल तर पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचारून घ्या. क्वेरी काढणाऱ्याशी फोनवर बोलता येतं का, आणि मतभेद मिटला नाही तर शेवटचा आकडा कोणाचा धरतात. काही लहान एजन्सींचा रिव्ह्यूअर ठाण्यातच बसतो, असं ऐकलंय. तिथे कदाचित माझा अनुभव लागू होणार नाही.