जर्मनीत विद्यार्थ्याचं खातं: शाखेच्या बँकेत की मोबाइलमधल्या?

मे महिना सरत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो, "ताई, जर्मनीत खातं कुठल्या बँकेत उघडू?" विचारणाऱ्यांनी तोवर शुल्काची तुलना केलेली असते. एक खातं फुकट, दुसऱ्याला महिन्याला काही युरो, म्हणजे पहिलं चांगलं. मी उलट विचारते, पहिल्या दीड महिन्यात तुझे पैसे कोणाकोणाला द्यायचे आहेत? घरमालक, आरोग्यविमा, विद्यापीठ आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय. या चौघांशी ज्या खात्यातून विनातक्रार व्यवहार होईल, ते आधी बघायचं. शुल्काचा हिशोब त्यानंतर.

आणखी एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवते. जर्मनीत तुम्हाला दोन खाती लागतात. एक ब्लॉक्ड अकाउंट, जे व्हिसासाठी भारतातूनच उघडायचं असतं. दुसरं गिरोकोंटो, म्हणजे रोजच्या वापरातलं खातं. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे दर महिन्याला या दुसऱ्या खात्यात उतरतात. पहिलं झालं म्हणजे बँकेचं काम संपलं, असं समजून विमानात बसणारी मुलं मी दरवर्षी बघते.

ब्लॉक्ड अकाउंट

इथे निवडीला फारसा वाव नाही, त्यामुळे यावर आठवडे घालवू नका. सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२ युरो, आणि दर महिन्याला तेवढेच काढता येतात. एक युरो शंभर रुपये धरला तरी रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. असं खातं उघडून देणाऱ्या फिन्टीबा आणि एक्सपाट्रिओ या कंपन्यांची नावं तुमच्या ग्रुपवर रोज येत असतील. दोघांचंही काम जवळपास सारखंच आहे. सुरुवातीचं शुल्क, दरमहाचं शुल्क आणि सोबत मिळणारा आरोग्यविमा एवढं बघून ठरवलं तरी चालतं. विम्यासह पॅकेज घेणार असाल तर तो विमा सरकारी पद्धतीचा आहे की फक्त प्रवासाचा, हे मात्र नीट वाचा.

खरी काळजी पैसे पाठवताना घ्यायची. मधल्या बँका आपलं शुल्क वाटेतच कापून घेतात आणि ११,९०४ ऐवजी ११,८७० पोहोचले तर खात्याचं प्रमाणपत्र अडकतं. म्हणून सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या, असं बँकेत स्पष्ट सांगा आणि पन्नास-शंभर युरो जास्तच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म मात्र लागतोच. एप्रिल २०२५पासून दहा लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जातो, पण बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर नाही. आईबाबांच्या बचतीतून पैसे जाणार असतील तर कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना जमेस धरली जाते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर बँकेच्या काउंटरवर ऐन वेळी त्यांची धांदल उडते.

रोजचं खातं: दोन वाटा

आता मुख्य मुद्दा. एका बाजूला श्पारकासे, फोक्सबँक, डॉइच बँक, कॉमर्झबँक अशा शाखा असलेल्या बँका. दुसऱ्या बाजूला एन २६सारखी पूर्णपणे मोबाइलवर चालणारी बँक. पैसे सुरक्षित आहेत का, ही घरच्यांची पहिली शंका असते. या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच. एन २६ ही बर्लिनची बँक आहे आणि २०१६पासून तिच्याकडे बँकेचा पूर्ण परवाना आहे. एका खातेदाराच्या एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीला दोन्हीकडे कायद्याचं संरक्षण आहे. वाइझचं तसं नाही. ती पैसे पाठवणारी संस्था आहे, तिथले पैसे वेगळे ठेवलेले असतात, पण ठेव-विमा लागू होत नाही. भारतातून पैसे आणायला वाइझ वापरा, बारा महिन्यांचा खर्च तिथे साठवून ठेवू नका.

फरक सुरू होतो खातं उघडताना. मोबाइलवरच्या बँकेत पासपोर्ट हातात धरून व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात जाऊन ओळख पटवली की काम होतं. सगळं इंग्रजीत चालतं. शाखेत बहुतेक ठिकाणी आधी आनमेल्डुंगचा कागद मागतात, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. ती घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, पण मोठ्या शहरात तिची वेळ मिळायलाच कधी कधी महिना लागतो. नोंदणीला घरमालकाची सही लागते, काही घरमालक अनामत मिळाल्याशिवाय सही करत नाहीत आणि अनामत द्यायला खातं नाही. या चक्रात अडकलेल्यांना मोबाइलवरचं खातं फार मोठा आधार देतं.

मग शाखेकडे जायचंच कशाला? मला याचं उत्तर आखेनमध्ये दुसऱ्याच महिन्यात मिळालं. राहण्याच्या परवान्याचं शुल्क भरायला गेले तर तिथल्या यंत्रात फक्त गिरोकार्ड चालत होतं. माझ्याकडे मास्टरकार्ड होतं, चकचकीत आणि नवंकोरं. यंत्रानं ते तीनदा बाहेर ढकललं. बाहेर रांग, खिशात वीस युरो आणि जवळचं एटीएम पंधरा मिनिटांवर. परत आले तेव्हा माझी वेळ टळली होती आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. गिरोकार्ड हे जर्मनीचं स्वतःचं कार्ड आहे. कोपऱ्यावरची बेकरी, न्हावी, काही सरकारी कार्यालयं अजूनही त्यावरच चालतात, नाहीतर रोख मागतात. शाखेच्या बँकेत ते सहसा खात्याबरोबरच मिळतं. एन २६मध्ये मिळत नाही. तिथल्या मोफत खात्याला मोबाइलमधलं आभासी मास्टरकार्ड येतं आणि हातात धरायचं कार्ड हवं असेल तर दहा युरो द्यावे लागतात.

रोख काढण्याचंही असंच आहे. श्पारकासेचं कार्ड असेल तर देशातल्या कुठल्याही श्पारकासेच्या एटीएमवर पैसे फुकट निघतात आणि छोट्या गावातही लाल रंगाचं ते चिन्ह सापडतंच. डॉइच बँक, कॉमर्झबँक, पोस्टबँक आणि हिपोफेराइन्सबँक या चौघींचा आपसात करार आहे, एकीचं कार्ड दुसरीकडे चालतं. मोबाइलवरच्या मोफत खात्यात महिन्याला ठरावीक वेळाच फुकट काढता येतात. कायम कार्डानेच पैसे देणाऱ्याला याचा त्रास होणार नाही. पण आठवडी बाजारातून भाजी आणणाऱ्याला, आणि आपल्यातले बहुतेक जण तेच करतात, महिनाअखेरीला जाणवेल.

शुल्कात मोबाइलवरची बँक वरचढ वाटते, पण इथे वय बघा. श्पारकासे ही एकच बँक नाही. देशात अशा तीनशेहून अधिक स्वतंत्र संस्था आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना खातं मोफत असतं, पण त्याला वयाची अट असते, कुठे पंचवीस, कुठे सत्तावीस, कुठे तीस. आपली मुलं पुण्यात दोन-तीन वर्षं नोकरी करून मग मास्टर्सला येतात, त्यामुळे इथे पोहोचेपर्यंत सवलत संपलेली असू शकते. शिवाय शहर बदललं की श्पारकासेही बदलावी लागू शकते. पहिल्या सत्रानंतर इंटर्नशिपसाठी म्युनिक किंवा श्टुटगार्ट गाठायचं असेल तर देशभर शाखा असलेली बँक बरी.

खात्याच्या क्रमांकाबद्दलही सांगायला हवं. जर्मन आयबान डीई या अक्षरांनी सुरू होतो. वाइझचा बेल्जियमचा असतो, बीईने सुरू होणारा. युरोपातल्या नियमानुसार २०१४पासून कोणालाही फक्त परदेशी आयबान आहे म्हणून नकार देता येत नाही. तरी घरमालकाचा किंवा कंपनीच्या पगार विभागाचा फॉर्म तो घेत नाही, असं होतं. भांडून जिंकता येतं. पण भाषा न येणाऱ्या पाहुण्यानं पहिल्याच महिन्यात घरमालकाशी भांडू नये, असं माझं मत आहे. म्हणून दोन्ही वाटांपैकी कुठलीही निवडा, आयबान जर्मन घ्या.

विम्याचा हप्ता आणि बऱ्याचदा भाडंही लास्टश्रिफ्टने जातं, म्हणजे समोरचा थेट तुमच्या खात्यातून पैसे ओढतो. चुकीची रक्कम गेली तर आठ आठवड्यांच्या आत ती कारण न देता परत मागता येते. दोन्ही प्रकारच्या बँकांत हा हक्क सारखाच आहे. मोबाइलवरच्या बँकेत ते अ‍ॅपमधून होतं आणि शाखेत माणूस भेटतो. ज्याला जर्मन बेताची येते त्यानं शाखेत एकदा जाऊन बघावं. माझ्या शाखेतल्या बाई माझ्याशी सावकाश जर्मन बोलायच्या, फॉर्मवर पेन्सिलीने खुणा करून द्यायच्या. मला बँकेची भाषा तिथेच कळली.

नाव आणि पत्रपेटी

शाखेची बँक कार्ड एका पत्रातून आणि पिन दुसऱ्या पत्रातून पाठवते. इथला पोस्टमन पत्रपेटीवर नाव असेल तरच पत्र टाकतो, खोली क्रमांक पाहून नाही. नाव नसेल तर पत्र परत. पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर चिकटवा आणि घरमालकाला पक्की पाटी लावायला सांगा. तुमचा अकरा अंकी करक्रमांकही आनमेल्डुंगनंतर याच पेटीत येतो. बँक आणि नोकरी देणारे, दोघंही तो मागतात.

आपल्या नावांचाही एक घोळ होतो. पासपोर्टवर बऱ्याचदा आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. खातं उघडताना वडिलांचं नाव गाळलं तर व्हिडिओ ओळखीतच गाडी अडते, आणि ते गाळूनही खातं उघडलं गेलंच, तर ब्लॉक्ड अकाउंटवरचं नाव आणि रोजच्या खात्यावरचं नाव जुळत नाही. पासपोर्टवर आहे ते अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे लिहा.

मी काय निवडेन

निघण्याआधी ब्लॉक्ड अकाउंट आणि सोबत फॉरेक्स कार्ड. पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत, जी कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते, एवढे पैसे ब्लॉक्ड खात्याबाहेर हवेतच. पोहोचल्याच्या आठवड्यात मोबाइलवरच्या बँकेत मोफत खातं. आनमेल्डुंगचा कागद हातात आला की शाखेच्या बँकेत गिरोकार्डसह दुसरं खातं, आणि भाडं, विमा, पगार सगळं तिकडे. दोन खाती सांभाळणं जमणार नसेल आणि विद्यापीठ छोट्या शहरात असेल, तर थोडी कळ काढून थेट श्पारकासेत जा. बर्लिन किंवा म्युनिक असेल तर मोबाइलवरच्या बँकेपासूनच सुरुवात करा, कारण तिथे आनमेल्डुंगची वाट बघत बसणं परवडत नाही.

सगळीकडून नकार आलाच तर बाझिसकोंटो मागा. कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला २०१६पासून मूलभूत खात्याचा हक्क आहे आणि अर्ज दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेला ते उघडून द्यावं लागतं. ते फुकट असेलच असं नाही, पण "तुम्ही नवीन आहात" हे कारण पुढे करून नाकारता येत नाही.

भारतातल्या खात्याचं एक काम घरच्यांवर सोडू नका. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी नियमानुसार अनिवासी धरला जातो, त्यामुळे तुमचं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलून घ्यायचं असतं. आणि भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

शिक्षण संपवून जर्मनी सोडताना इथलं खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत परत यायला घर सोडल्यानंतर सहा महिनेही जातात, विम्याचा उरलेला हिशोब आणि करपरतावा त्यानंतरच्या वर्षी येतो, आणि हे सगळे पैसे त्याच जर्मन आयबानवर येणार असतात.