डीबीए कोर्सच्या नादात डोक्यावर लोन बसलं

मी लातूरचा, बीकॉम, एका सीएकडे टॅलीवर बसतो. घरबसल्या डेटाबेस शिकायचं डोक्यात आलं, पुण्यातल्या एका क्लासच्या जाहिरातीवर नंबर टाकला आणि पाच मिनिटांत मॅडमचा फोन. सहा महिन्यांचा डिस्टन्स कोर्स, ऑरॅकल डीबीए (म्हणजे ऑरॅकल कंपनीच्या सॉफ्टवेअरवरचा डेटाबेस सांभाळणारा), शंभर टक्के जॉब गॅरंटी, वर सरकारमान्य. मान्यतेचा कागद मागितला तर उद्यम रजिस्ट्रेशन पाठवलं, त्यावरचा अशोकस्तंभ बघून मी गार. उद्यम म्हणजे नुसती धंद्याची नोंद, गिरणीवालाही फुकटात ऑनलाईन काढतो, आणि क्लायंटची तर मीच काढून दिलीयेत!

फी ६४,८०० रुपये. "एकदम नका भरू सर, ३,६०० चे १८ हप्ते करू, झिरो इंटरेस्ट." आधार, पॅन, सेल्फी दिली, ओटीपी आला तो फोनवरच सांगितला. ते हप्ते क्लासचे नव्हतेच, फायनान्स कंपनीने माझ्या नावावर लोन काढून सगळे पैसे क्लासला देऊन टाकले होते, म्हणजे क्लास शिकवो न शिकवो हप्ता मलाच, चुकला की सिबिल खराब. असल्या डिजिटल लोनमधून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, आरबीआयचा २०२२ पासूनचा नियम आहे, पण लोन आहे हेच मला पहिला हप्ता कटल्यावर कळलं.

शिकवलं काय, तर सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय, म्हणजे डेटा शोधायच्या प्राथमिक कमांड, तेही रेकॉर्डेड. लॅब म्हणजे ऑरॅकल ११जीच्या स्क्रीनशॉटची पीडीएफ, ते व्हर्जन मूळ २००७ चं, त्याचा एक्स्टेंडेड सपोर्टसुद्धा २०२० मध्ये संपलाय. शेवटी 'सर्टिफाइड डीबीए' म्हणून जे मिळालं त्यावर शिक्का क्लासचाच. खरं सर्टिफिकेट ऑरॅकलची परीक्षा पास झाल्यावर ऑरॅकलच देतं, त्याची फी वेगळी.

जॉब गॅरंटीतले दोन इंटरव्ह्यू कॉल सेंटरचे निघाले. तिसरा हिंजवडीला. एका सरांनी विचारलं, एक डेटाफाईल (डेटा साठवलेली फाईल) करप्ट झालीय, आर्काइव्हलॉग मोड चालू आहे (म्हणजे बदलांच्या नोंदी, लॉग, जपून ठेवल्या जातायत), बॅकअप कालचा आहे, तर डेटा किती जाईल? मी म्हटलं, कालपासूनचा सगळा. ते हसले नाहीत, उलट पाणी दिलं आणि समजावलं की आर्काइव्ह लॉग, रीडो लॉग शाबूत असतील तर काहीच जात नाही, फाईल रिस्टोर करायची आणि लॉग लावत लावत पुढे आणायची. डीबीएला पगार ह्याचाच मिळतो राव, आणि आख्ख्या कोर्समध्ये आरमॅन, म्हणजे ऑरॅकलचं बॅकअप-रिकव्हरीचं टूल, हा शब्द एकदाही आला नव्हता.

१९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला, तक्रार केलीय, क्लास म्हणतो रिफंड सात दिवसांतच होता. कोणी मान्यतेची भाषा केली तर आधी यूजीसीच्या डीईबीच्या (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या) साईटवर विद्यापीठाचं नाव बघा, आणि हप्ते म्हटलं की सरळ विचारा, लोन कोणाच्या नावावर?

आता ऑरॅकलचं फुकटचं एक्सप्रेस एडिशन जुन्या लॅपटॉपवर टाकलंय. स्वतःच डेटाफाईल उडवतो आणि आरमॅनने परत आणतो, पहिल्यांदा आली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. हप्ते अजून सात आहेत.