वाळूचा भराव घट्ट करताना: व्हायब्रोफ्लोट की उंचावरून आपटलेले वजन?

वाळूच्या खोल भरावावर तेलाची टाकी, कंप्रेसरचा पाया किंवा क्रेनचे रूळ बसवायचे असतील, तर जमीन घट्ट करण्यासाठी सहसा दोन पद्धती पुढे येतात: जमिनीत उतरवलेल्या कंपनयंत्राने, म्हणजे व्हायब्रोफ्लोटने, वाळू बसवणे किंवा क्रेनने उचललेले जड वजन उंचावरून वारंवार आपटणे. बहुतेक ठिकाणी ही निवड चौरस मीटरच्या दरावरून होते आणि ते मला घातक वाटते, कारण या वाळूवर पुढे कोणता भार, किती जोराने आणि किती वेळा येणार आहे हा प्रश्न दराच्या आधीचा आहे.

वाळूतील कर्तन विकृती, म्हणजे थर एकमेकांवर आडवे सरकू पाहिल्याने होणारा आकारबदल, साधारण 0.01 टक्क्याच्या आत राहिली, तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत आणि भार असंख्य वेळा येऊन गेला तरी जमीन जवळजवळ खचत नाही. ही मर्यादा ओलांडली की प्रत्येक फेरीत वाळू थोडी थोडी बसते. पहिल्या काही फेऱ्यांत सर्वाधिक, नंतर कमी कमी. मात्र एका तीव्रतेच्या कंपनाने स्थिरावलेली वाळू त्याहून मोठा हादरा आला की पुन्हा बसू लागते, आणि म्हणूनच घट्ट करताना दिलेला हादरा पुढे येणाऱ्या हादऱ्यापेक्षा मोठा असावा लागतो व तो हव्या त्या खोलीपर्यंत पोचावा लागतो. दोन्ही पद्धतींची खरी तुलना याच कसोटीवर करायला हवी.

वाळू पाण्याखाली असेल तर कसोटी आणखी कडक होते. सैल वाळू हादऱ्याने आकसू पाहते, कणांमधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, पाण्याचा दाब वाढतो आणि जमीन आपली ताकद गमावते. घट्ट वाळू उलट कर्तनात फुगू पाहते, त्यामुळे दाब वाढला तरी तिची विकृती मर्यादित राहते. 16 जून 1964 रोजी जपानमधील निगाता येथील भूकंपात कावागिशी-चो वसाहतीतील इमारती जवळजवळ अखंड अवस्थेत कलंडल्या, तर त्याच परिसरात व्हायब्रोफ्लोटने आधी घट्ट केलेल्या वाळूवरील टाक्यांचे फारसे नुकसान झाले नाही.

व्हायब्रोफ्लोटचे मोठे बळ म्हणजे त्याचा हादरा खोलीनुसार विरत नाही. यंत्र तळापर्यंत नेऊन ते टप्प्याटप्प्याने वर घेतात आणि प्रत्येक टप्प्यावर सेकंदाला साधारण 30 ते 50 फेऱ्यांचे आडवे कंपन देतात. भोवतालची वाळू आवळत जाते तसा मोटरचा विद्युतप्रवाह वाढतो, म्हणून चालकाची नजर अँमीटरवर असते. वर यंत्राभोवती शंकूसारखा खड्डा पडतो आणि त्यात सतत वाळू लोटावी लागते. 20 मीटर किंवा त्याहून खोल काम या पद्धतीने होते. दुबईच्या पाम जुमेरा बेटाची वाळू अशीच घट्ट केली होती. अडचण बारीक कणांची आहे. गाळ आणि चिकणमाती मिळून 10 ते 15 टक्क्यांच्या वर गेली की कंपनाचा परिणाम झपाट्याने घटतो, आणि मग दगडी स्तंभांचा, म्हणजे जमिनीत खडी ठासून केलेल्या खांबांचा, विचार करावा लागतो.

वजन आपटण्याची पद्धत फ्रान्सच्या लुई मेनार यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. वजनाचे टन आणि उंचीचे मीटर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याचे निम्मे करावे, म्हणजे वाळूतील परिणामाची खोली अंदाजे मीटरमध्ये मिळते: 16 टनाचे वजन 25 मीटरवरून पडले तर 10 मीटर. त्या 10 मीटरमध्येही तळाशी सुधारणा सर्वांत कमी असते. भरावात दगडगोटे, बांधकामाचा राडारोडा असेल आणि जागा मोकळी असेल, तर हीच पद्धत सरस, कारण तिथे व्हायब्रोफ्लोट अडकतो. शेजारी वस्ती किंवा जुनी बांधकामे असतील तर मात्र ती टाळावी; तिची कमी वारंवारतेची कंपने दूरवर जातात आणि इमारतींना जाणवतात.

वरचा साधारण एक मीटर दोन्ही पद्धतींत नीट बसत नाही, कारण त्यावर वरच्या मातीच्या वजनाचा दाब नसतो. तो कंपन रोलरने वेगळा घट्ट करावाच लागतो.

स्वच्छ, खोल, पाण्याखालची वाळू आणि सतत चालणारी यंत्रे किंवा भूकंपाची शक्यता असेल, तर माझा कौल व्हायब्रोफ्लोटला आहे. सात-आठ मीटरपर्यंतच्या मिश्र भरावावर साधी गोदामे उभारायची असतील, तर वजन आपटणे पुरेसे ठरते. करारात मात्र केवळ पृष्ठभागाची घनता लिहून भागणार नाही: जिथे यंत्र उतरवले किंवा वजन आपटले अशा दोन बिंदूंच्या मधोमध, पूर्ण खोलीपर्यंत भेदन चाचणी (दांडा किंवा शंकू जमिनीत खुपसून तिचा विरोध मोजणे) मागावी, आणि ती काम संपताच न घेता काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. नायजेरियातील जेब्बा धरणाच्या कामात घट्ट केलेल्या वाळूचा भेदनरोध आठवडे उलटत गेले तसा वाढत गेल्याचे आढळले होते. घाईने घेतलेल्या चाचणीवरून चांगले कामही नापास ठरू शकते.