पीपीएफ करताय? टीपीयू सांगून पीव्हीसी चिकटवली, आमच्या नव्या गाडीचं काय झालं ते वाचा

नवी गाडी घेतलेल्यांनी आणि घेणाऱ्यांनी हे पूर्ण वाचा, मोठं झालंय पण घाई करू नका. आम्ही नव्या पांढऱ्या गाडीला फुल बॉडी पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला पूर्ण गाडीवर चिकटवायची पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, करून घेतलं, ८८,००० रुपये मोजले, टीपीयू या चांगल्या प्रकारच्या फिल्मचे म्हणून पैसे दिले आणि गाडीवरून जी निघाली ती स्वस्तातली पीव्हीसी. वर रंगावर ब्लेडचे चरे पडलेत ते वेगळेच. पैसे गेल्याचा राग आहेच पण कंपनीतून आलेला रंग कायमचा खराब झाला त्याचा जास्त आहे, कारण तो रंग वाचवायलाच तर एवढा खर्च केला होता.

आधी हे सांगते की पीपीएफ ही गोष्टच बोगस आहे असं अजिबात नाही. आमचं रोजचं येणं-जाणं तळेगाव-चाकण रोडने, पुढे हायवा डंपर, मागे कंटेनर, हायवातून खडी सांडतेय आणि टायरमधून उडून बोनेटवर येतेय, तिथून जाणाऱ्या कुठल्याही गाडीचं बोनेट आणि बंपर जवळून बघा, टवके दिसतीलच. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. खडी जोरात लागली की टवका थेट पत्र्यापर्यंत जातो आणि लोखंडी पत्रा असेल तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज दिसायला लागतो. पीपीएफची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड आणि लवचिक असते, ती दगडाचा मार स्वतःवर घेते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा पातळ द्रव लेप, एक-दोन मायक्रॉनचं असतं, त्याने चकाकी येते, पाणी घसरतं, धुवायला सोपं जातं, पण दगडाला ते काही अडवू शकत नाही, त्यामुळे नाईन-एच (कडकपणाचा दर्जा सांगतात तो) सिरॅमिक केलं की खडीची चिंता नाही असं कोणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

तर खरी फिल्म असते टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. ताणली तर ताणते आणि परत जागेवर येते. त्यातही अ‍ॅलिफॅटिक प्रकारची लागते, अ‍ॅरोमॅटिक असेल तर उन्हाने पिवळी पडते. बाजारात दुसरी एक येते टीपीएच नावाने, नाव ऐकून वाटतं टीपीयूचाच भाऊ असेल, पण ती बहुतेक वेळा मऊ केलेली पीव्हीसी असते. मऊपणासाठी त्यात जे प्लॅस्टिसायझर घालतात ते उन्हात हळूहळू निघून जातं आणि मग फिल्म कडक होते, आखडते, कडा सुटतात, पिवळी पडते. टीपीएच स्वस्त असते, ती टीपीएच म्हणून सांगून लावली आणि तसेच पैसे घेतले तर माझी काही तक्रार नाही, ज्याला परवडेल त्याने लावावी. पण इथे दोन किमतीतला फरक दुकानदाराच्या खिशात जातो आणि नुकसान गाडीचं होतं.

आम्हाला कसं गंडवलं ते नीट सांगते, कारण पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच आहे. २०२३च्या दसऱ्याला गाडी घरी आली. फिल्म लावणाऱ्या स्टुडिओचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. दुकान एकदम चकाचक, वर एलईडीच्या षटकोनी लायटी, काउंटरवर एका नामांकित कंपनीचा बॉक्स. मालकाने सॅम्पलच्या तुकड्यावर तारेच्या ब्रशने ओरखडे मारले, वरून गरम पाणी ओतलं, ओरखडे गायब. "बघा मॅडम, सेल्फ हीलिंग. पाच वर्षं वॉरंटी, तुम्ही फक्त गाडी चालवा, बाकी टेन्शन माझं." आता हे लक्षात ठेवा, हा डेमो काहीच सिद्ध करत नाही. ओरखडे भरून येतात ते फिल्मवरच्या टॉपकोटमुळे, म्हणजे सगळ्यात वरच्या लेपामुळे, आणि असा टॉपकोट टीपीएचवरही असतो. शिवाय काउंटरवरचा तुकडा आणि गाडीवरची फिल्म एकाच रोलमधली आहे कशावरून? काउंटरवरचा तुकडा खरा होता याबद्दल मला आजही शंका नाही, गाडीवर मात्र दुसरंच काही चढलं.

काम चालू असताना आत सोडलं नाही. "धूळ येते मॅडम, कामाचा बे बंद ठेवावा लागतो." धुळीचं कारण खरंच असतं म्हणून कोणी वाद घालत नाही. पण रोल उघडताना गिऱ्हाईकाला काचेबाहेरून दाखवायला काय अडचण आहे? बिलावर फिल्मचं नाव लिहा म्हटलं तर "ते वॉरंटी कार्डवर येतं ना", जीएसटीचं पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर पडतील, आणि हातात जो कागद दिला त्यावर नुसतं 'कार केअर पॅकेज'. वॉरंटी कार्ड मात्र जाड, चकचकीत, वर सिरियल नंबर आणि क्यूआर कोड. कोड स्कॅन केला तर कंपनीच्या साईटचं पहिलं पान उघडायचं, आमच्या गाडीची नोंद काही दिसायची नाही. विचारलं तर "सिस्टीमला अपडेट व्हायला महिना लागतो". महिन्यानंतर विचारलं तर "सर्व्हर डाऊन आहे". एक बरं झालं, सुरुवातीला व्हॉट्सअपवर मी स्पष्ट विचारलं होतं की फिल्म टीपीयूच आहे ना आणि अमुक कंपनीचीच ना, आणि त्याने "हो मॅडम, १०० टक्के टीपीयू" असं लिहून पाठवलं होतं. आज सगळा जोर त्या एका मेसेजवर आहे.

पहिल्या उन्हाळ्यात बंपर थोडा पिवळट वाटायला लागला. बंपर प्लॅस्टिकचा असतो त्यामुळे शेड वेगळी दिसते असं आधी सांगितलं, मग म्हणे तुमच्याकडे बोअरच्या पाण्याने गाडी धुता म्हणून, मग एकदा फुकट पॉलिश करून दिलं. दर वेळी गोड बोलून दोन-तीन महिने पुढे ढकलायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात बोनेट जुन्या डब्याच्या झाकणासारखं पिवळं झालं, दरवाज्यांच्या कडा सुटल्या, त्यात काळी रेघ बसली, आणि ज्यासाठी सगळं केलं ते टवकेसुद्धा फिल्म फाटून आतल्या रंगापर्यंत गेले.

मग ओळखीतून एका दुसऱ्या डिटेलरकडे, म्हणजे पॉलिश-फिल्मची कामं करणाऱ्याकडे, गेलो. या माणसाने पहिल्यांदा कोपऱ्यातली सुटलेली फिल्म बोटाने ओढली आणि ती कुडकुडीत तुकडा होऊन हातात आली. म्हणाला ताई, टीपीयू अशी मोडत नाही, एवढ्या काळात हीट गनने गरम केली की अखंड निघायला पाहिजे. मग दुकानाबाहेर उघड्यावर येऊन त्याने जे करून दाखवलं ते मी व्हिडिओत घेऊन ठेवलंय. वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा तुकडा पक्कडीत धरला, आधी नुसता गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवला, कारण वायरवरचं आवरणही पीव्हीसीचंच असतं आणि त्याचा अंश राहिला तर निकाल चुकतो. ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण गेल्यावर ती लाल तार आमच्या फिल्मच्या तुकड्यावर टेकवली, थोडी फिल्म वितळून तारेला चिकटली, आणि तार परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं, ते तापलेल्या तांब्याशी मिळून हा हिरवा रंग येतो. मग स्वतःच्या रोलचा टीपीयूचा तुकडा घेऊन तेच केलं, ज्योत हिरवी झाली नाही. कोणी करून बघणार असेल तर घरात अजिबात नको, धूर वाईट असतो, उघड्यावर आणि सांभाळून करा. आणि ही कच्ची चाचणी आहे, तक्रारीसाठी लॅबचा रिपोर्टच लागतो. पण तेवढ्याने आम्हाला कळायचं ते कळलं.

आणखी एक, जाडी मोजायचं मीटर लावून "बघा एवढे मायक्रॉन भरले" असं दाखवतात त्यावर जाऊ नका. मीटर जाडी सांगतं, मटेरियल सांगत नाही, पीव्हीसीही तेवढीच जाड मिळते.

फिल्म काढायला गेलो तेव्हा खरा धक्का बसला. ती अखंड निघेचना, नखाएवढे तुकडे निघायचे आणि सगळा गम रंगावर राहायचा, तो गम काढायचीच मजुरी वेगळी द्यावी लागली. आणि गम साफ झाल्यावर उजेडात बघितलं तर बोनेटच्या कडेने, हेडलाईटच्या भोवती, दाराच्या हँडलखाली सरळ बारीक रेघा. ब्लेडच्या. चांगल्या ठिकाणी मॉडेलप्रमाणे सॉफ्टवेअरमधून प्लॉटरवर (कापायच्या मशीनवर) फिल्म आधीच कापून घेतात, किंवा हाताने लावली तरी ब्लेडने कट गाडीवर मारत नाहीत, नाईफलेस टेप वापरतात, म्हणजे फिल्मखाली लावलेल्या टेपमधला दोरा ओढून फिल्म कापतात. आमच्याकडे थेट रंगावर कटर फिरवलाय. क्लिअर कोट कापला गेला की तिथून पाणी आत जाणार, आणि हे पॉलिशने जात नाही, पॅनल रंगवूनच घ्यावं लागतं. म्हणजे ज्या ओरिजनल रंगासाठी ८८,००० घातले तोच आता उरला नाही. दीड वर्षाच्या गाडीचं बोनेट रंगवायला लागणार हे बाबांना सांगताना जीव तुटला, त्यांनी दसऱ्याला स्वतः हार घातला होता गाडीला.

कार्डावरचा सिरियल नंबर मी फिल्म कंपनीलाच मेल केला. चार ओळींचं उत्तर आलं, नंबर खरा आहे पण तो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या गाडीवर नोंदलेला आहे आणि हा स्टुडिओ त्यांचा अधिकृत इन्स्टॉलर नाही. म्हणजे कुठल्यातरी खऱ्या कार्डावरचा नंबर उचलून छापलाय, आणि एकदा छापल्यावर तो किती गाड्यांना दिला असेल कोण जाणे.

हे घेऊन मालकाकडे गेलो तेव्हा मॅडम-मॅडम बंद झालं. आधी म्हणे फिल्म तुम्ही दुसरीकडे काढली, आता वॉरंटी संपली. मग म्हणे सप्लायरने मलाच फसवलं. सप्लायरचं बिल दाखवा म्हटल्यावर गप्प. वकिलाची नोटीस गेल्यावर फोन आला की ३०,००० परत देतो पण आमची काही तक्रार नाही असं सही करून द्या. सही केली नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पॉलिश करून देतो, पुढच्या महिन्यात या, कंपनीशी बोलतो, या सगळ्या गोड बोलण्यात ती मुदत सरत असते आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर लगेच तक्रार नोंदवा, नंबर घेऊन ठेवा, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन दाखल करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आम्ही मुदत संपायच्या आत दाखल केली.

ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी ऑर्डर देण्याआधी व्हॉट्सअपवर कंपनी, फिल्मचं मॉडेल, टीपीयू आणि मायक्रॉन हे सगळं लिहून घ्या, इन्स्टॉलरचं नाव कंपनीच्या साईटवर स्वतः शोधा, दुकानदाराने पाठवलेल्या लिंकवर नाही. सीलबंद रोल तुमच्या समोर उघडायला लावा, साधारण १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब रोल येतो, मोठ्या गाडीला जास्त लागते, बॉक्सवरचा आणि रोलवरचा नंबर जुळवा, फोटो काढा. कापताना उरलेला एक तुकडा मागून घ्या, हे फार कामाचं आहे, पुढे वाद झाला तर गाडीवरच्या फिल्मशी ताडून बघता येतं. जीएसटीच्या बिलावर फिल्मचं नाव आणि रोल नंबर आलाच पाहिजे, १८ टक्के जातात ते जाऊ द्या. आणि वॉरंटीची नोंद कंपनीच्या साईटवर तुमच्या गाडी नंबरासकट दिसेपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका. खरा धंदा करणारा यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणत नाही, आम्हाला दुसऱ्यांदा भेटलेल्या माणसाने न मागता रोल दाखवला.

फिल्म आधीच लावलेली असेल आणि पिवळी पडायला लागली असेल तर रागाच्या भरात काढून कचऱ्यात टाकू नका. काढण्याआधी प्रत्येक पॅनलचे फोटो-व्हिडिओ, काढताना व्हिडिओ, आणि निघालेले तुकडे पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा. नमुना लॅबला पाठवायचा अधिकार आयोगाला आहे, पण पाठवायला नमुना शिल्लक तर पाहिजे. तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड भागात गेल्या दोन-तीन वर्षांत पीपीएफ केलेल्यांनी आपल्या कार्डावरचा सिरियल नंबर आजच फिल्म कंपनीला मेल करून विचारा की तो कुठल्या गाडीवर नोंदलाय. तुमच्याही कार्डाचा नंबर भलत्याच गाडीवर निघाला तर मला कळवा, ती मेल आमच्या केसला जोडता येईल आणि आमची तुमच्या.