अम्नेझियाडब्ल्यूजी: वायरगार्ड तेच, सोंग नवं

वायरगार्ड या व्हीपीएनवर, म्हणजे आपलं इंटरनेट एन्क्रिप्ट करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या साधनावर, माझा जीव आहे. २०२० मध्ये ते लिनक्स कर्नल ५.६ मध्ये आलं आणि माझ्या सर्व्हरवरून ओपनव्हीपीएन हे आधीचं व्हीपीएन कायमचं गेलं. पण स्वतःला लपवणं हे वायरगार्डचं काम नव्हेच. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क लावून बघा: हँडशेकचं, म्हणजे जोडणी सुरू करतानाच्या देवघेवीचं, पहिलं पॅकेट दरवेळी १४८ बाइटचं, उत्तर ९२ बाइटचं. पहिल्याच्या सुरुवातीला १ आणि त्यामागे तीन शून्यं, उत्तराच्या सुरुवातीला २; पॅकेटच्या चार प्रकारांना असे १ ते ४ आकडे ठरलेले. आतलं कुणाला वाचता येत नाही, पण हे वायरगार्ड आहे हे सहज ओळखता येतं. रशियात इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात सरकारी डीपीआय यंत्रं, म्हणजे पॅकेट तपासून ती कसली हे ओळखणारी यंत्रं, बसवलेली आहेत. त्या यंत्रांना वायरगार्ड अडवायला एवढी ओळख पुरते.

अम्नेझियाडब्ल्यूजी हे वायरगार्डचंच बदललेलं रूप नेमकं इथे हात घालतं. एन्क्रिप्शनला धक्का नाही, फक्त बाहेरचं रूप बदलतं, तेही काही सेटिंग्जनी. जेसी म्हणजे हँडशेकआधी किती कचरा पॅकेट सोडायची, एस१ आणि एस२ म्हणजे हँडशेकच्या पॅकेटांना किती भर घालायची, एच१ ते एच४ म्हणजे त्या ओळखीच्या १-२-३-४ च्या जागी कुठले आकडे. एक गंमत: एस१ मध्ये ५६ मिळवून एस२ येता कामा नये. का? १४८ आणि ९२ मधला फरकच ५६, म्हणजे भर घालूनही दोन्ही पॅकेट एकाच मापाची व्हायची. असा बारकावा दिसला की मला लिहिणाऱ्यावर भरवसा वाटतो.

अम्नेझियाचं अ‍ॅप वापरलंत तर यातलं काही हाताने भरावं लागत नाही. भाड्याच्या सर्व्हरचा आयपी आणि एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायच्या मार्गाचा) पासवर्ड द्या, लागणारं सगळं एका डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात, ते स्वतः चढवतं. घरच्यांना क्यूआर कोड पाठवला की झालं. हाताने कॉन्फिग लिहिणाऱ्यांनी मात्र जपून: एच किंवा एसचे आकडे दोन्ही टोकांना जुळले नाहीत तर एरर वगैरे काही येत नाही, नुसती शांतता. वायरगार्डची ही जुनी सवय इथेही आहे आणि ती वैताग आणते.

आता उणी बाजू. हे सगळं यूडीपीवर चालतं; इंटरनेटवर पॅकेट पाठवायच्या दोन मुख्य पद्धतींपैकी ती एक, दुसरी टीसीपी. यूडीपीच दाबलं तर खेळ खलास. शिवाय कशासारखंच न दिसणं ही सुद्धा एक ओळखच असते. चीनने नोव्हेंबर २०२१ पासून पूर्णपणे यादृच्छिक दिसणारी टीसीपी कनेक्शन्स याच निकषावर तोडायला सुरुवात केली. तिथे एक्सरे या दुसऱ्या साधनातली रिअ‍ॅलिटी ही पद्धत मला जास्त पटते: बाहेरून बघणाऱ्याला एखाद्या खऱ्या वेबसाइटशी चाललेलं टीएलएस, म्हणजे साधं https, दिसतं. तेही याच अ‍ॅपमधून बसवता येतं, म्हणून मी दोन्ही कंटेनर चढवून ठेवतो. वेगात अम्नेझियाडब्ल्यूजी पुढे, म्हणून रोजचं काम त्यावर.

आणि निनावी राहायचं असेल तर हे साधन नव्हे. सर्व्हर तुमच्या नावावर, बाहेर पडणारा आयपी एकच. त्यासाठी टॉर हे निनावी राहण्यासाठीचं जाळं आहे.

रशियासारख्या देशात जायच्या आधीच अ‍ॅप उतरवून घ्या. जुलै २०२४ मध्ये अ‍ॅपलने रशियातल्या अ‍ॅप स्टोअरमधून बरीच व्हीपीएन अ‍ॅप्स सरकारी मागणीवरून काढून टाकली होती.