दोन गोळ्यांची एक मात्रा : ग्लुकोसामाइन घेतल्यानंतरचा अनुभव

गुडघ्यांच्या संधिवातासाठी मी गेल्या पावसाळ्यापासून ग्लुकोसामाइन या सांध्यांसाठीच्या पूरक घटकाच्या गोळ्या घेत आहे. पण गुडघ्यांआधी डबीविषयी लिहिणे भाग आहे. दर्शनी भागावर १५०० मिलिग्रॅम हा आकडा ठळक छापला आहे आणि ही मात्रा दोन गोळ्यांची असल्याचे मागे बारीक अक्षरांत सांगितले आहे. साहजिकच साठ गोळ्यांची, बाराशे रुपयांची डबी दोन नव्हे, एकच महिना पुरते.

याहून गंभीर बाब घटकांच्या यादीत आहे. तेथे ‘ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड’ असे लिहिले आहे. नुसते ग्लुकोसामाइन सल्फेट हवेतील ओलावा शोषून खराब होते, म्हणून त्यात पोटॅशियम क्लोराइड हा क्षार घालतात, याबद्दल तक्रार नाही. परंतु या संयुगाच्या वजनात सुमारे पाव हिस्सा क्षाराचाच असल्याने, छापील आकडा क्षारासह धरलेला असेल तर १५०० पैकी जेमतेम ११३० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन सल्फेट पोटात जाते. आकडा क्षारासह आहे की क्षाराविना, एवढेच मी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारले. उत्तर आले, ‘आमचे उत्पादन पूर्णपणे शाकाहारी आहे.’ ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, त्यामुळे ही माहिती काहींना मोलाची वाटेल. माझा प्रश्न वजनाचा होता. पुन्हा विचारले, तर पुन्हा तेच उत्तर.

आता गुडघे. सुरुवातीला काहीच फरक नव्हता. दिवाळीच्या सुमारास सकाळचा ताठरपणा कमी झाला, पांडवलेणीच्या पायऱ्या मी मध्ये फारसे न थांबता चढलो, आणि त्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर गोळ्यांची स्तुतीच केली असती. पुढे ऐन थंडीत डबी वेळेवर आली नाही. गोळ्या काही आठवडे बंद राहिल्या, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि कृषीनगरच्या ट्रॅकवरचे चालणे तेवढे चालू होते, आणि दुखणे तसूभरही वाढले नाही.

अमेरिकेतील २००६ च्या मोठ्या चाचणीत ग्लुकोसामाइन घेणाऱ्या ६४ टक्के रुग्णांना आराम पडला होता, तर औषध नसलेल्या गोळीवर ६० टक्क्यांना. त्या चाचणीत सल्फेट नव्हे, हायड्रोक्लोराइड हे ग्लुकोसामाइनचे दुसरे रूप वापरले होते, हे विक्रेते आवर्जून सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र संधिवाततज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍ह्युमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन वापरू नये असाच सल्ला दिला, आणि माझ्या गुडघ्यांचा कौलही त्याच बाजूचा दिसतो.

रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत. हाती असलेली डबी पैसे मोजलेले असल्याने मी संपवीन. पुढच्या महिन्याचे बाराशे रुपये मात्र फिजिओथेरपिस्टच्या शुल्कासाठी बाजूला काढले आहेत.